दोन हातांचा मेळ: साठीनंतर काय बिघडतं आणि घरी काय करता येतं

दुधाची पिशवी कापायची म्हणजे डाव्या हाताने कोपरा ताणून धरायचा आणि उजव्याने कात्री चालवायची. जोर जवळपास लागतच नाही. तरी सत्तरी गाठलेल्या माणसाच्या हातून सकाळी ओट्यावर दूध सांडलं की घरचे म्हणतात, "हातात ताकद राहिली नाही." मग रबरी चेंडू आणून दिला जातो. तो महिनाभर दाबून मूठ घट्ट होते, पण दूध सांडायचं थांबत नाही. कारण चेंडू एका हाताला कामाला लावतो आणि पिशवीला हवा असतो दोन हातांचा आपसातला मेळ. वयानुसार ताकद आणि मेळ दोन्ही उतरतात, पण त्यांची कारणं वेगळी, आणि सरावही वेगळा.

पुढचं सगळं उजव्या हाताने काम करणाऱ्यांना धरून लिहिलं आहे. डावखुऱ्यांनी उजव्याच्या जागी डावा वाचावा.

आत काय बदलतं

उजवा हात प्रामुख्याने मेंदूचा डावा भाग चालवतो आणि डावा हात उजवा भाग. हे दोन भाग एकमेकांशी बोलतात ते कॉर्पस कॅलोसम नावाच्या जाड पट्ट्यातून. त्यात साधारण २० कोटी तंतू असतात. या पट्ट्यातून निरोप जातात तशीच दटावणीही जाते. उजव्या हाताला एकट्याने काही करायचं असेल तर त्याला चालवणारा भाग पलीकडच्या भागाला गप्प बसवतो. वय वाढतं तसं तंतूंवरचं मायलिनचं वेष्टण झिजतं, पट्ट्याच्या पुढच्या भागात जास्त. निरोप रेंगाळतात आणि दटावणी सैल पडते. बरणीचं झाकण उजव्याने फिरवताना बरणी धरलेला डावा हातही नकळत जास्त आवळला जातो किंवा थोडा वळतो, तो यामुळे.

बोटांच्या टोकांतही फरक पडतो. स्पर्श टिपणारी सूक्ष्म टोकं कमी होतात, शिवाय घाम कमी येत असल्याने त्वचा कोरडी होते आणि वस्तू निसटते. मग हात सावधपणे गरजेपेक्षा जास्त दाबून धरतो आणि नाजूक काम तिथेच फसतं. स्नायूंना चालवणाऱ्या मज्जातंतूंची संख्याही साठीनंतर घटते. उरलेला एकेक तंतू जास्त स्नायुधागे सांभाळतो, म्हणून जोर हवा तेवढा बारीक मोजून देता येत नाही.

यात एक दिलासा आहे. सगळा मेळ सारखा उतरत नाही. दोन्ही हात आरशातल्यासारखं एकच काम करत असतील, जसं लाटणं पुढे ढकलणं, टाळ्या वाजवणं, चादर झटकणं, तर ते फार उशिरापर्यंत शाबूत राहतं. आधी डळमळतं ते वेगवेगळं काम: पेटीवर डाव्याने भाता आणि उजव्याने पट्ट्या, किंवा एकाने धरणं आणि दुसऱ्याने करणं. वेग वाढवला की जास्तच. हालचालींचा अभ्यास करणारे शास्त्रज्ञ स्कॉट केल्सो यांनी १९८४ साली दाखवून दिलं की तरुणांचीही बोटं समांतर हलवत वेग वाढवत नेला, तर एका टप्प्यावर ती आपोआप आरशासारख्या हालचालीत घसरतात. उतारवयात हे घसरणं कमी वेगालाच होतं. सरावाची पहिली किल्ली यातच आहे: काम बिघडलं की आधी वेग कमी करायचा. जोर वाढवून काही साधत नाही.

दुसरी किल्ली लक्षाची. तिशीत बटणं लावताना डोकं मोकळं असतं. सत्तरीत त्याच कामाला मेंदूचा जास्त भाग राबवावा लागतो आणि डोळ्यांवरही जास्त विसंबावं लागतं. म्हणून टीव्ही बघत भाजी चिरताना बोट कापतं. एरवी तोच हात ठीक असतो.

घरच्या घरी मोजमाप

सराव सुरू करायच्या आधी आकडे लिहून ठेवा, नाहीतर सहा आठवड्यांनी "बरं वाटतंय" एवढंच सांगता येतं. एक वही, मोबाइलवरचं मेट्रोनोम अॅप (ठरवलेल्या वेगाने ठोके देणारं), दोन पेन्सिली आणि राजम्याचे ४० दाणे पुरेत.

पहिली चाचणी वायपरची. टेबलाशी ताठ बसा, कोपरं अंगाजवळ ठेवून काटकोनात वाकवा, दोन्ही मुठींत एकेक पेन्सिल उभी धरा. आधी आरसा: दोन्ही टोकं एकदम आत, मग एकदम बाहेर. मग वायपर: दोन्ही टोकं एकदम उजवीकडे, मग एकदम डावीकडे, गाडीच्या काचेवर फिरतात तशी. मेट्रोनोम मिनिटाला ४० ठोक्यांवर लावा आणि प्रत्येक ठोक्याला एक पूर्ण फेरी करा. १५ सेकंद झाले की १० ठोके वाढवा. वायपर मोडून आरसा सुरू झाला तो आकडा लिहा. १२० ला थांबायचं. त्या वेगाला तरुणांचाही गोंधळ होऊ शकतो. कोपरं अंगापासून सुटली की खांदे काम करू लागतात आणि आकडा खोटा चांगला येतो, म्हणून काखेत घडी घातलेला रुमाल धरावा. तीच चाचणी डोळे मिटून पुन्हा करा. आकड्यात मोठी तफावत आली तर हात डोळ्यांच्या आधारावर चालले आहेत असं समजायचं.

दुसरी राजम्याची. ही कल्पना पर्ड्यू पेगबोर्डवरून घेतली आहे. अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठात जोसेफ टिफिन यांनी कारखान्यांसाठी कामगार निवडायला १९४०च्या दशकात ती चाचणी बनवली आणि आजही हाताच्या तपासणीत ती वापरतात. प्लॅस्टिकच्या डब्याच्या झाकणाला दोन भोकं पाडा, दाणा सहज जाईल एवढी, एकमेकांपासून चार बोटांवर. डब्याच्या दोन्ही बाजूंना २०-२० दाणे पसरा. ३० सेकंदांत उजव्याने किती टाकले, मग डाव्याने किती, मग दोन्ही हातांनी एकाच वेळी किती जोड्या. प्रत्येक तीनदा करून सरासरी काढा. जोड्यांचा आकडा एकेका हाताच्या आकड्यापेक्षा कमीच येतो, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. बघायचं ते हे की महिन्यागणिक एकट्या हातांचे आकडे टिकून जोड्याच घसरत आहेत का. तसं असेल तर प्रश्न बोटांचा कमी आणि मेळाचा जास्त.

आता तीच जोड्यांची फेरी बोलत बोलत करा. पश्चिम रेल्वेची स्टेशनं उलटी म्हणा: दादर, प्रभादेवी, लोअर परळ, महालक्ष्मी, मुंबई सेंट्रल, ग्रँट रोड, चर्नी रोड, मरीन लाइन्स, चर्चगेट. (प्रभादेवीच्या जागी एल्फिन्स्टन निघालं तरी बरोबर धरायचं.) जोड्या निम्म्यावर आल्या तर स्वयंपाकघरात गप्पा आणि सुरी एकत्र नकोत, एवढं त्यातून ठरतं.

शेवटची सोपी, पण महत्त्वाची. हात समोर धरून पंजा पूर्ण उघडायचा आणि पूर्ण मिटायचा, १० सेकंदांत जितक्यांदा जमेल तितका. निरोगी हाताला २० किंवा जास्त वेळा जमतं. सांधे दुखत नसताना बरंच कमी येत असेल, तर मानेतल्या मज्जारज्जूवर दाब आहे का ते तपासावं लागतं. ते पुढे येईलच.

सराव: पंधरा मिनिटं, आठवड्यातून पाच दिवस, सहा आठवडे

सत्तरीतही हात नवा मेळ शिकतात. फक्त फेऱ्या जास्त लागतात, आणि नुसतं बघून बघून केलं तर शिकलेलं डोळे वळवताच विरतं. म्हणून प्रत्येक प्रकारात शेवटच्या दोन-तीन फेऱ्या न बघता करायच्या. रोज तोच क्रमही नको, प्रकार उलटसुलट करावेत.

सुरुवात दोन्ही हात सारखेच राबतात अशा सवयीच्या हालचालींनी करावी, कारण त्या जमतात आणि हात गरम होतात. दोन्ही तळव्यांत कापूस घेऊन ११ वाती वळा. मग पातळ नॅपकिन ओला करून पिळा, पाच पीळ एका बाजूला, पाच दुसऱ्या. अंगठ्याच्या मुळाशी दुखत असेल तर पिळणं बंद. त्याऐवजी नॅपकिन नळाभोवती गुंडाळून दोन्ही टोकं एकत्र धरून फिरवावीत, म्हणजे अंगठ्यावर भार येत नाही.

मग आळीपाळीच्या हालचाली. मुंबईच्या ब्लॉकमध्ये कपडे वाळत घालायला छताला कप्पीच्या दांड्या असतात. रिकामी दांडी दोरीने वर घेणं आणि खाली सोडणं हा आळीपाळीचा उत्तम व्यायाम आहे, कारण एका हाताने दोरी पकडल्याशिवाय दुसरा सोडताच येत नाही. दहा वेळा पुरे. खांद्याच्या वर हात जाताना दुखत असेल तर करू नये, विशेषतः मधुमेह असेल तर. त्यात खांदा आखडण्याचं प्रमाण जास्त असतं.

यानंतरची पायरी सगळ्यात फायद्याची: एका हाताने धरायचं, दुसऱ्याने करायचं. यासाठी मोदकाच्या कळ्यांइतकं चांगलं साधन आम्हाला दिसलेलं नाही. उकड गरम असते आणि फाटतेही पटकन, म्हणून सरावाला कणीक घ्यावी. १०० ग्रॅम कणीक, साधारण ५५ ते ६० मिली पाणी, अर्धा चमचा तेल, घट्ट मळून २० मिनिटं झाकून ठेवा. सहा गोळे होतात. एकेक पुरीएवढी पारी लाटून डाव्या हाताच्या वाकवलेल्या बोटांवर ठेवायची.

आता तीन शब्द मोठ्याने म्हणायचे: चिमटी, सोड, फिरव. उजव्या अंगठ्याने आणि दोन बोटांनी कडेला चिमटी काढायची, ती पूर्ण सोडायची, आणि त्यानंतरच डाव्या बोटांनी पारी एक बोटभर पुढे फिरवायची. सवयीचे हात यातलं सोडणं आणि फिरवणं एकात एक मिसळून करतात. उतारवयात नेमका हाच सांधा चुकतो, डावा हात आधी सुटतो आणि कड फाटते. मोठ्याने म्हटल्याने तो सांधा मोकळा होतो. पहिल्या आठवड्यात पाच कळ्या, तिसऱ्यात नऊ, सहाव्यापर्यंत अकरा. सुगरणीच्या एकवीस कळ्यांशी बरोबरी नको.

झालेला मोदक टाकून न देता उलटसुलट बघा, तो सांगतो बरंच काही. कळ्यांमधलं अंतर कमी-जास्त असेल तर डावा हात झटक्याने फिरतोय. कळ्या चपट्या आणि जाड, खाली बोटाचे खड्डे: उजवी बोटं जास्त दाबत आहेत, म्हणजे स्पर्श कमी झालाय. त्यासाठी सरावाच्या पंधरा मिनिटं आधी हाताला क्रीम चोळून जिरू द्यावं, किंवा बोटं किंचित ओली करावीत. ओलसर त्वचेला पकड येते. खोबरेल तेल मात्र रात्रीसाठी ठेवा, त्याने हात निसरडा होतो. पहिल्या चार कळ्या सुरेख आणि पुढच्या बिघडलेल्या असतील तर लक्ष संपलंय. थांबा आणि दुसरी पारी पाच मिनिटांनी घ्या. शेवटी तोंड मिटताना दोन्ही हात सारखंच करतात, तिथे सहसा कोणी अडत नाही. कणीक वाया जात नाही, पुन्हा लाटून आमटीत चकोल्या करा.

हिवाळ्यात मटार सोलणं (पाव किलो, घाई न करता), एरवी लसूण सोलणं किंवा दोऱ्यात फुलं ओवणं हेही याच प्रकारातलं.

शेवटची पायरी तालाची. दोन्ही तळवे मांड्यांवर ठेवून आठ मात्रांचा केरवा मोजा. उजवा प्रत्येक मात्रेला, डावा एक सोडून एक. ते बसलं की सहा मात्रांचा दादरा: पहिल्या मात्रेला दोन्ही हात, दुसरी रिकामी, तिसरीला उजवा, चौथीला डावा, पाचवीला उजवा, सहावी रिकामी. डावा तालाचे तीन-तीनचे दोन विभाग दाखवतो आणि उजवा त्यांना छेद देत तीन ठोके टाकतो. हे कठीण आहे, तबल्याची सवय नसलेल्यांना पहिल्या दिवशी येत नाही. ४० च्या वेगाने सुरू करा, एक ठोका म्हणजे एक मात्रा. हात एकत्र पडू लागले की थांबून पुन्हा पहिल्या मात्रेपासून. सलग आठ आवर्तनं बिनचूक झाली तरच वेग पाचने वाढवायचा.

सरावानंतर दुखणं दोन तासांपेक्षा जास्त टिकलं तर दुसऱ्या दिवशी फेऱ्या निम्म्या करा. घरच्यांनी एक पथ्य पाळावं: हळू होतंय म्हणून हातातलं काम काढून घेऊ नये. दोन हातांची कामं बंद झाली की मेळ भराभर उतरतो.

काम काढून न घेता धोका कमी करणं

पिशवी उभ्या मगमध्ये ठेवून कोपरा कापला की डाव्या हाताचं निम्मं काम मग करतो. पोळपाटाखाली आणि चॉपिंग बोर्डखाली ओला नॅपकिन अंथरला की ते सरकत नाहीत. विळीवर दोन्ही हातांनी भाजी पात्याकडे न्यावी लागते. वायपर ६० च्या आत मोडत असेल तर आमच्या मते विळी बाजूला ठेवून सुरी घ्यावी. नारळ खवायला मात्र टेबलाला घट्ट बसणारी, दांडा फिरवायची खवणी मिळते, तीत एक हात धरतो आणि एक फिरवतो, सरावही होतो.

ट्रेबद्दल एक बारकावा. डाव्या तळव्यावर ताट धरून त्यातला पाण्याचा पेला आपणच उजव्याने उचलला तर ताट वर उसळत नाही, कारण मेंदू डाव्या हाताचा जोर आधीच कमी करतो. दुसऱ्याने अचानक उचलला तर उसळतं. वयानुसार ही आगाऊ तयारी उशिरा होते, म्हणून आजीच्या हातातल्या ट्रेमधून कप परस्पर उचलू नये. "ट्रे खाली ठेव, मग घेतो" म्हणावं.

शर्टाची बटणं खालून वर लावावीत, कारण खालची नजरेच्या टप्प्यात असतात. डाव्याने काज बटणापर्यंत आणायचं, उजव्याने बटणाची कड त्यात तिरकी ढकलायची. दोन्ही हात ओढू लागले की बटण निसटतं. ब्लाउजचे हूक पुढून असावेत.

पावसाळ्यात छत्री एक हात अडकवते. म्हणून पिशवी हातात न धरता खांद्यावरून तिरकी लावावी आणि बटण दाबताच उघडणारी व मिटणारी, दोन्ही होणारी छत्री घ्यावी. रेल्वेच्या पुलाचा ओला जिना चढण्याआधी छत्री मिटवून एक हात कठड्याला. भिजणं परवडतं.

हे वयाचं नाही

वयाने होणारा बदल वर्षानुवर्षं, हळूहळू आणि दोन्ही हातांत होतो. अचानक एक हात लुळा पडला, तोंड वाकडं झालं, बोलणं अडखळलं, तर तो पक्षाघात समजून लगेच १०८ ला फोन करावा. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं. त्यामुळे लक्षणं किती वाजता सुरू झाली ते लिहून ठेवा आणि "झोपून बघू" म्हणू नका.

एकच हात मंदावला, चालताना तो झुलत नाही, स्वस्थ असताना थरथरतो, अक्षर बारीक होत चाललंय, अशी चिन्हं दिसली तर पार्किन्सनसाठी न्यूरॉलॉजिस्टला दाखवा. कप तोंडाशी नेताना थरथर असेल तर प्रकार बहुधा वेगळा असतो, औषधंही वेगळी. दम्याचा पंप किंवा थायरॉइडही कारण असू शकतं. पंजा उघड-मिट कमी, बटणं जमेनात, आणि सोबत पाय ताठ किंवा चाल डगमगती असेल तर मानेचा एमआरआय लांबवू नये. रात्री अंगठा आणि पुढच्या दोन-तीन बोटांना मुंग्या येत असतील तर मनगटातली नस दबलेली असू शकते. शाकाहारी असाल किंवा बरीच वर्षं मेटफॉर्मिन हे मधुमेहाचं औषध घेत असाल तर बी-१२ तपासा. मधुमेहींनी नमस्कार करून बघावा. तळवे आणि बोटं एकमेकांना पूर्ण टेकत नसतील तर सांधे आखडले आहेत, आणि अशा हातावर कळ्यांचा सराव लादण्यात अर्थ नाही.

हाताच्या कामाचे तज्ज्ञ म्हणजे ऑक्युपेशनल थेरपिस्ट. फिजिओथेरपी वेगळी, हे नोंदणीच्या खिडकीवर नीट सांगावं लागतं. परळचं केईएम, मुंबई सेंट्रलचं नायर आणि सायन या महापालिकेच्या रुग्णालयांत हे विभाग आहेत. केईएममध्ये या विषयाचं शिक्षण १९५० सालीच सुरू झालं. हाजी अलीच्या भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्थेतही सोय आहे. जाताना आकड्यांची वही, चालू औषधांची यादी आणि ज्या शर्टाची बटणं लागत नाहीत तो शर्ट अंगात घालून जावं. थेरपिस्टला तो शर्ट काढताना-घालताना बघायचाच असतो.